जुन्या स्पोर्ट्‌स कारचा पेट्रोलचा काटा दुरुस्त करताना

पेट्रोलचा काटा चुकीचा दाखवू लागला की बहुतेक जण आधी नवे मीटर मागवण्याच्या खटपटीला लागतात. समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आत उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीच्या बाबतीत हा विचार सर्वात शेवटी करावा, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या पावसाने प्रथम खराब होतो तो अर्थ (म्हणजे गाडीच्या धातूतून बॅटरीकडे जाणारी विजेची परतीची वाट), त्यामागोमाग वायरींचे सांधे आणि मग टाकीतला फ्लोट. काचेमागे बंद असलेले मीटर मात्र पन्नास-साठ वर्षांनंतरही पुष्कळदा धडधाकट निघते.

माझ्याकडे मामांची 1963 सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार आहे आणि ती रत्नागिरीत असते. काही वर्षांपूर्वी गणपतीपुळ्याहून जयगडकडे जाताना ती सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, बंद पडली, तेव्हा काटा पाव टाकी दाखवत होता आणि टाकी कोरडी होती. सावली नाही, वस्ती नाही, पंप दूर, अशा जागी काट्याचे महत्त्व चांगलेच कळते. पुढे ज्या चुकीमुळे हे घडले ती सापडली, तेव्हा टाकीच्या बोल्टाखालचा गंज हेच कारण निघाले. ती चूक कशी शोधली ते सांगण्यापूर्वी काटा चालतो कसा हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये दोन अगदी वेगळ्या जातींची मीटरे आढळतात आणि एकीची परीक्षा दुसरीला लावली तर निष्कर्ष बरोबर उलटा निघतो.

टाकीतला फ्लोट म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा एक डबा, त्याला जोडलेला दांडा आणि त्या दांड्याबरोबर सरकणारी पितळी जीभ. ही जीभ बारीक तारेच्या वेटोळ्यावर घासत जाते, त्यामुळे पेट्रोलच्या उंचीनुसार विजेच्या वाटेतला रोध कमी-जास्त होतो. एमजीबीमध्ये 1964 च्या अखेरीपर्यंत जे मीटर येत असे त्यात दोन वेटोळ्यांच्या चुंबकीय ओढीत काटा तोलला जातो. चावी फिरवताच तो झटकन जागेवर जातो आणि वळणावर पेट्रोल हिंदकळले की तोही हलतो. या जातीत रिकाम्या टाकीला रोध जवळजवळ शून्य आणि भरलेल्या टाकीला सुमारे 70 ओहम असतो. त्यानंतरच्या गाड्यांत तापून वाकणाऱ्या दुहेरी धातूच्या पट्टीचे मीटर आले. त्याचा काटा चावी फिरवल्यावर सावकाश, अर्ध्या-एक मिनिटात वर चढतो. इथे हिशेब उलटा आहे: रिकाम्या टाकीला सुमारे 250 ओहम, अर्ध्या टाकीला 68 च्या आसपास आणि भरलेल्या टाकीला 20 ते 30. गाडी वेगळ्या देशाची असेल तर आकडेही वेगळे असतात. व्हीडीओ या जर्मन कंपनीच्या फ्लोटमध्ये सामान्यतः रिकामे 10 आणि भरलेले 180, तर पुष्कळ अमेरिकन गाड्यांत शून्य ते 90. म्हणून काट्याची चाल पाहणे आणि गाडीच्या पुस्तिकेत आपल्या मीटरची जात शोधणे, हे पहिले काम.

आता खराब अर्थाचा परिणाम पाहा. गंजामुळे वाटेत 30 ओहमचा जादा रोध आला आहे असे समजू. सावकाश चढणाऱ्या मीटरमध्ये भरलेली टाकी 20 ऐवजी 50 ओहम दाखवील, म्हणजे काटा अर्ध्याच्या थोडा वर येऊन थांबेल. पण रिकाम्या टाकीच्या 250 मध्ये 30 मिळवल्याने फारसा फरक पडणार नाही. “टाकी भरली तरी काटा पूर्ण जात नाही, रिकामी असताना मात्र बरोबर दाखवतो” ही तक्रार ऐकू आली की निम्मे निदान तिथेच झाले असे समजावे. जुन्या, झटकन हलणाऱ्या मीटरमध्ये हाच गंज अधिक घातक ठरतो, कारण तिथे शून्य म्हणजे रिकामी टाकी. 30 ओहम वाढले की नसलेले पेट्रोल दिसू लागते. माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते.

तपासणीला सुरुवात करताना साधा मल्टीमीटर, क्लिप लावलेली दोन-तीन मीटर वायर आणि 33, 68 व 240 ओहमचे रोधक एवढे हाताशी असले तरी पुरे. रोधक एक वॉटचे किंवा त्याहून मोठे असावेत. काटा मुळीच हलत नसेल तर आधी इंडिकेटर आणि ब्रेकचे दिवे लागतात का ते बघावे. या गाड्यांच्या लुकास कंपनीच्या वायरिंगमध्ये चावीनंतर फ्यूजमधून येणारी हिरवी वायर या सर्वांना वीज पुरवते, त्यामुळे तेही बंद असतील तर दोष फ्यूजचा किंवा फ्यूजच्या पाकळ्यांवर चढलेल्या हिरव्या गंजाचा असतो. फ्यूज चांगला दिसला तरी काढून, दोन्ही टोके आणि पाकळ्या बारीक पॉलिश पेपरने घासून परत बसवावा. पेट्रोल आणि तापमान असे दोन्ही विजेवरचे काटे एकाच वेळी चुकत असतील, तर डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या व्होल्टेज स्टॅबिलायझरकडे, म्हणजे काट्यांना ठरावीक दाबाची वीज देणाऱ्या डबीकडे, वळावे.

यानंतरची परीक्षा सर्वात महत्त्वाची आहे. फ्लोटकडून मीटरकडे जाणारी वायर हिरवी असून तिच्यावर काळी रेघ असते. ती टाकीपासून दूर, डिकीतल्या जोडावर सोडवावी. टाकीशी ठिणगी पडता कामा नये, म्हणून ही परीक्षा टाकीच्या टोकावर कधीही करू नये, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर गळती सापडेपर्यंत विजेचे कोणतेही काम हाती घेऊ नये. वायर मोकळी ठेवून चावी फिरवली असता सावकाश मीटर रिकामे दाखवेल आणि झटकन मीटर भरलेले. मग ते मोकळे टोक रोधकामार्फत गाडीच्या स्वच्छ, उघड्या धातूला लावावे: सावकाश मीटरमध्ये 68 ओहमवर काटा अर्ध्यावर आणि 33 वर जवळजवळ पूर्ण आला पाहिजे, तर झटकन मीटरमध्ये टोक थेट अर्थ केल्यावर काटा रिकाम्यावर उतरला पाहिजे. सावकाश मीटर थेट अर्थ करून धरून ठेवू नये, त्याची आतली गुंडाळी जळू शकते. काटा या परीक्षेत बरोबर वागला, तर मीटर आणि डिकीपर्यंतची वायर दोन्ही निर्दोष आहेत, आणि नवे मीटर मागवण्याचे कारण उरत नाही.

मग उरतो फ्लोट आणि त्याचा अर्थ. फ्लोट काढण्याची घाई करू नये. काही गाड्यांत फ्लोटला स्वतंत्र काळी वायर असते, काहींत टाकी ज्या बोल्टांनी गाडीला आवळलेली असते त्यांच्यातूनच वीज परतते. डिकीतला जोड परत लावून, चावी बंद असताना, फ्लोटच्या पत्र्याच्या तबकडीपासून बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत तात्पुरती वायर घट्ट लावावी आणि मगच चावी फिरवावी. काटा लगेच सुधारला तर दोष सापडला. टाकीचे बोल्ट, वॉशर आणि त्यांखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, नवे दातेरी वॉशर घालून आवळावेत आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावावे. आधी लावून मग आवळले तर मधला थर अडथळा करतो, असा माझा अनुभव आहे. माझ्या गाडीला मी याशिवाय टाकीपासून चासीपर्यंत एक स्वतंत्र अर्थ वायर टाकली, तिची थिंबले (वायरीच्या टोकांची धातूची टोपणे) दाबून बसवल्यावर सोल्डरही केली, आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक जुन्या गाडीला ती टाकावी असे मी आग्रहाने सांगेन. ज्या गाडीचे अंग फायबरचे आहे तिथे तर परतीची वाट फक्त वायरीचीच असते, तेव्हा तिची प्रत्येक जोडणी तपासावी लागते.

स्टॅबिलायझरबद्दल थोडक्यात. मूळ भाग 12 व्होल्टची वीज सतत तोडून-जोडून सरासरी 10 व्होल्ट देतो, म्हणून डिजिटल मल्टीमीटरवर आकडा नाचताना दिसला तर तो बिघाड नव्हे. आकडा 12 वर स्थिर असेल तर आधी त्याच्या डब्याचा अर्थ घासावा, कारण अर्थ सुटला की तो तोडणे थांबवतो आणि सर्व काटे जास्त दाखवू लागतात. बदलायचाच झाला तर 7810 या तीन पायांच्या भागापासून केलेला स्टॅबिलायझर चालतो, मात्र तो ऋण अर्थ असलेल्या, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या धातूला जोडलेल्या, गाडीलाच. एमजीबी 1967 पर्यंत धन अर्थाची होती, तेव्हा बॅटरीला हात लावण्यापूर्वी कोणते टोक अर्थाला गेले आहे ते डोळ्यांनी पाहावे आणि बॅटरी सोडवताना नेहमी तेच टोक आधी सोडवावे.

तात्पुरत्या अर्थानेही काटा सुधारला नाही तर फ्लोट बाहेर काढावाच लागतो. हे काम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच्या कोरड्या दिवसांत, उघड्या अंगणात करावे. पावसाळ्यात उघडलेल्या टाकीत दमट हवा शिरते आणि आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ती ओल सहज मुरते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते. म्हणून चूल, बंब, निरांजन यांपैकी काहीही जवळपास पेटलेले नसावे आणि गाडी खड्ड्यावर घेऊन हे काम करू नये. बॅटरी सोडवून, पेट्रोल झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये काढून घ्यावे. फ्लोट टाकीच्या बाजूला असेल तर पातळी त्याच्या बरीच खाली गेली पाहिजे. गाडी जॅकवर न ठेवता घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) ठेवावी. फ्लोटची गोल कडी लोखंडी छिन्नीने न ठोकता पितळी दांड्याने हलक्या हाताने फिरवावी आणि तबकडी बाहेर घेताना दांडा वाकणार नाही याची काळजी घ्यावी.

बाहेर आलेला डबा कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले तर त्याला भोक पडले आहे आणि तो बुडत असल्याने काटा खाली राहतो. पितळी डब्याला डाग देता (सोल्डर करता) येतो, पण आत पेट्रोलचा थेंब असताना डाग देणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण आहे, तेव्हा नवा डबा बसवणेच योग्य. नंतर मल्टीमीटर लावून दांडा सावकाश वर-खाली करावा. रोध सलग बदलला पाहिजे. मध्येच आकडा नाहीसा होत असेल तर वेटोळ्यावर काळा थर साचलेला असतो. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ कापडाने तो जातो. पॉलिश पेपर इथे वापरू नये, तार केसासारखी बारीक असते. तार तुटलेली असेल तर मात्र फ्लोट बदलण्यावाचून उपाय नाही.

परत बसवताना जुने रबरी पॅकिंग पुन्हा वापरू नये. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुने रबर फुगते किंवा भेगाळते, म्हणून व्हिटॉन या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचे पॅकिंग मिळवावे. पाच लिटर पेट्रोल घालून गळतीसाठी सगळीकडे बोट फिरवावे, रात्रभर खाली कोरडा पुठ्ठा ठेवावा आणि डाग नाही याची सकाळी खात्री करूनच बॅटरी जोडावी. त्यानंतर पाच-पाच लिटर मापून ओतत प्रत्येक वेळी काटा कुठे आला ते कागदावर लिहावे. माझ्या गाडीची टाकी सुमारे 45 लिटरची असल्याने नऊ नोंदी झाल्या. सावकाश मीटर असेल तर प्रत्येक नोंदीपूर्वी दोन-तीन मिनिटे थांबावे. दोन्ही टोकांना सारखाच फरक राहिला तर दांडा किंचित वाकवून तो काढता येतो. सावकाश मीटरच्या पाठीमागे बुचांखाली रिकाम्या व भरलेल्या खुणेचे दोन बारीक समायोजकही असतात, पण त्यांना रोधकांची परीक्षा केल्याशिवाय हात लावू नये. तो नोंदींचा कागद मी गाडीतच ठेवला आहे आणि दरवर्षी खंडेनवमीला पूजेसाठी गाडी धुतो तेव्हा टाकीच्या अर्थाचा बोल्ट एकदा सोडून, घासून, पुन्हा आवळतो.