नदीकाठचं बेशरम मुळासकट कसं काढायचं

बेशरम म्हणजे नदी-ओढ्याच्या काठावर माजणारं जांभळट फुलांचं झुडूप, ते काढायचं काम एप्रिल-मेमधलं. मांजरा असो, तेरणा असो की गावामागचा ओढा, पात्र आटलं की काठावर नीट पाय रोवून खणता येतं. पावसाळ्यात श्रमदान ठेवून बेशरम तोडायलेत त्यांना माझा विरोध आहे, का ते पुढं येईलच.

टिकाव, पहार, कोयता, हातमोजे आणि जुनी ताडपत्री घ्या. चीक निघतो, तो हात डोळ्याला लावू नका. सुरुवात वरच्या अंगानं करा, पाणी जिकडून येतं तिकडून, नाहीतर वरचं बेशरम पुरात वाहत येऊन तुमच्या साफ केलेल्या काठावर परत बसतं. फांद्या गुडघ्याएवढा दांडा ठेवून तोडा.

आता बुडखा. सगळी गडबड इथं होते. लोक जमिनीलगत कोयता मारतात आणि झालं म्हणतात, पण एका दांड्याच्या जागी चार-पाच कोंब येतात आणि पुढच्या उन्हाळ्यात जाळी आधीपेक्षा दाट. दांडा धरून नुसता ओढूही नका, तो तुटतो आणि बुडखा आतच राहतो. बुडख्याच्या चारी बाजूंनी टिकावानं माती मोकळी करा, खाली पहार घाला, उचकटा, मग हलवत हलवत काढा. आडव्या पडलेल्या फांद्या मात्र लोक विसरतात. त्या गाळात दबलेल्या असतात आणि प्रत्येक पेरापासून पांढरी मुळं फुटून खाली गेलेली असतात, म्हणजे दिसायला एक झाड, पण काठावर दहा जागी रुजलेलं. फांदी शेवटपर्यंत हातानं चाचपत जा, जिथं अडकली तिथं खणा.

जेसीबी लावा म्हणणारे भेटतील. माझं स्पष्ट मत आहे, काठावर जेसीबी नकोच. बकेटीनं दांडे तुटून ओल्या गाळात दाबले जातात, ती लागवडच झाली, शिवाय काठ भुसभुशीत होऊन पहिल्या पुरात ढासळतो. तणनाशकही नको, त्याच पाण्यावर गावाची विहीर असते आणि मासे-बेडूक मरतात ते वेगळंच.

काढलेला एकही तुकडा पात्रात टाकू नका. वीतभर दांडा ओलीला लागला तरी फुटतो, म्हणून तर पावसाळ्यात तोडायचं नाही. सगळं ताडपत्रीवर ओढत पूररेषेच्या वर न्या, खडकावर नाहीतर मुरमावर पातळ पसरा. ढीग घातला तर आतले दांडे कित्येक दिवस हिरवेच राहतात, म्हणून उलटत राहा, मोडल्यावर कडकन आवाज आला की वाळलं समजा. तोवर शेरडं तिकडं फिरकू देऊ नका. एरवी ती तोंड लावत नाहीत, पण दुष्काळात हिरवं दुसरं काही नसलं की खातात, चटक लागते, मग मान लटपटते, चालताना झोकांड्या जातात, आणि खात राहिली तर मरतातही.

येडी बाभळ मधे असेल तर तिलाही जमिनीखाली वीतभर खणूनच तोडा.

काठ उघडा ठेवू नका. पहिल्या पावसाला वाळा लावा, त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जाऊन माती धरतात, वरच्या अंगाला निर्गुडी आणि करंज. पाणी उतरलं की दिवाळीच्या सुमारास सगळ्या काठावरून एक चक्कर मारा, राहिलेले कोंब बोटाएवढे असतात, ओल असते, हातानं मुळासकट निघतात. ही चक्कर पुढची दोन-तीन वर्षं मारावीच लागते, आणि वरच्या गावालाही सोबत घ्या, कारण त्यांच्याकडचं बी आणि दांडे तुमच्याकडंच येणार आहेत.