दिव्यांग प्रमाणपत्राचं अपील करताय? या चुका टाळा

अपिलासाठी माझ्याकडे येणारे बहुतेक जण एकाच वाक्याने सुरुवात करतात: "ताई, डॉक्टरांनी टक्के कमी दिले." मी विचारते, त्यांच्यासमोर कागद कोणते ठेवले होते? मग पिशवी उघडते. तिच्यात लाईट बिल असतं, चार दवाखान्यांचे केसपेपर एकमेकांत अडकलेले असतात, आणि ज्या कागदाने काम झालं असतं तो घरी राहिलेला असतो. ४० टक्क्यांच्या खाली राहिलात की नोकरीतलं आरक्षण नाही आणि संजय गांधी निराधारचं अनुदानही नाही. म्हणून जरा कळकळीनेच लिहिते आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर घरच्या माणसाची लाज राखणं. २०१९ साली माझ्या थोरल्या भावाला बोर्डापुढे नेलं. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. आईने सकाळीच त्याची दाढी करवून घेतली, केसांना तेल लावलं, इस्त्रीचा शर्ट घातला. डॉक्टरांनी विचारलं, "आंघोळ वगैरे स्वतः करतो का?" आई म्हणाली, "हो हो, सगळं स्वतःचं स्वतः करतो." चार वेळा सांगितल्याशिवाय तो मोरीत पाऊल टाकत नाही, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण परक्या माणसांसमोर आपल्याच लेकाला उणं कसं म्हणायचं? मी शेजारी उभी होते. मीही गप्प राहिले.

मानसिक आजाराची मोजणी 'आयडियाज' नावाच्या पट्टीवर होते. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण, अडचण जास्त तर गुण जास्त. आजार किती जुना, याचे गुण वेगळे: २ वर्षांच्या आत १, २ ते ५ वर्षांना २, ६ ते १० वर्षांना ३, त्यापुढे ४. बेरीज ७ झाली की तुम्ही ४० टक्क्यांवर पोचता. भावाची झाली ६. चारही बाबींत एकेक गुण, आणि आजाराच्या वर्षांचे २, कारण आमच्या फाइलमधला सगळ्यात जुना कागद २०१६ चा होता.

आजार सुरू झाला होता २०१२ मध्ये. पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी शेवटी आईच्या ट्रंकेत सापडली, रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत. घडीवर फाटलेली, पण कोपऱ्यात तारीख आणि खाली गोळीचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. त्या चिठ्ठीने २ चे ३ झाले.

म्हणून जुने कागद फेकू नका. दवाखान्यात मिळतील या भरवशावर राहू नका. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे डॉक्टरांनी दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं सांभाळायचे असतात, आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. त्याच्याआधीचं सगळं तुमच्याच ट्रंकेत. औषधांच्या दुकानातली गुळगुळीत कागदाची बिलं वर्षभरात कोरी होतात, त्यांची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढा. मी फाइल तारखेप्रमाणे लावते, सगळ्यात जुना कागद वर. प्रत्येक पानाला पेन्सिलीने नंबर, आणि पुढे एका पानाची यादी. बोर्डावरच्या डॉक्टरांना तुमच्यासाठी काही मिनिटं असतात, ती त्यांनी कागद शोधण्यात घालवावीत का?

दुसरा माझा जुना राग म्हणजे दोन ओळींचं सर्टिफिकेट. "सदर पेशंट दिव्यांग असून त्यास योग्य ती मदत व्हावी." या वाक्यावर कोणी किती टक्के मोजायचे? तुमच्या डॉक्टरांकडे घाई न करता बसा आणि पाच गोष्टी लिहून मागा: निदान काय, कधीपासून, कोणते उपचार झाले, आता काय जमत नाही, आणि सुधारणा कितपत होईल. घाईत असलेली माणसं इथेच कंटाळतात, "ताई, तुम्हीच काहीतरी लिहून द्या ना" म्हणतात. माझ्या लिहिण्याला तिथे काडीची किंमत नाही.

टक्के कमी आले की लगेच दुसऱ्या जिल्ह्यातून नवा अर्ज टाकायचा, हा सल्ला कोण देतं कळत नाही. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचा ओळख क्रमांक, माणशी एकच असतो. अपिलाचा हक्क २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या कलम ५९ ने दिला आहे, तो वापरा. निकालाचं पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीटही ठेवा, अपिलाची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, पण पत्र उशिरा आलं असेल तर ते पोस्टाच्या शिक्क्यावरून दाखवता येतं. मोजणीचा तक्ता मागा. देत नसतील तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण त्याची वाट बघत अपील अडवून ठेवू नका. आधी दाखल करा, तक्ता मागाहून जोडा.

डोळ्यांच्या तपासणीला चष्मा घरी ठेवून जाऊ नका, दृष्टी चष्म्यासकटच मोजतात. एक डोळा गेला आणि दुसरा उत्तम असेल तर नियमानेच ३० टक्के बसतात. तिथे डॉक्टरांशी भांडून किंवा फाइल जाड करून काही वाढत नाही, हे मी स्पष्ट सांगते, लोकांना राग आला तरी.

"टक्के वाढवून देतो" म्हणणाऱ्या एजंटाच्या दारात पाऊल ठेवू नका. खोटेपणाने लाभ घेतला तर कलम ९१ खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

मूळ कागद देऊ नका. झेरॉक्स द्या, आपल्या प्रतीवर पोच घ्या.

राहिली वही. भावाचं अपील दाखल केलं त्या दिवसापासून सुनावणीपर्यंत मी रोज लिहीत गेले: तारीख, काय झालं, कोणी सावरलं. "गॅस चालू ठेवून बाहेर गेला, शेजारच्या काकूंनी बंद केला." "तीन दिवस तोच शर्ट. चौथ्या दिवशी आईने बदलायला लावला." मोठे प्रसंग शोधू नका, याच नोंदी हव्यात. आणि सुनावणीला बोलका मामा नेऊ नका, रात्रंदिवस सोबत राहणारं माणूस न्या. आमच्याकडून दुसऱ्या वेळीही आईच गेली. या वेळी वही तिच्या मांडीवर होती. डॉक्टरांनी पुन्हा आंघोळीचंच विचारलं. तिने पान उलटलं आणि खाली मान घालून वाचायला सुरुवात केली. आपल्या तोंडाने जे सांगता येत नव्हतं, ते तिला माझ्या अक्षरातून वाचता आलं. त्या दिवशी बेरीज ९ झाली.