केळीच्या शेंड्यापाशी: टिश्यू कल्चर लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून मी जळगाव जिल्ह्यातल्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा विभाजी ऊती (सतत विभागत राहणाऱ्या पेशी) आणि स्थायी ऊती (ठरावीक कामाला लागलेल्या पेशी) यांच्या व्याख्या मला तोंडपाठ होत्या. पहिल्याच आठवड्यात केळीचा मुनवा, म्हणजे कंदाला फुटलेलं पिल्लू, हातात मिळाला आणि ‘यातला शेंडा काढा’ असं सांगितलं गेलं. मी एकेक सोपट (खांबाचा पदर) सोलत गेले, आत पांढरा कोंब दिसला तशी थांबले. शेजारी बसलेल्या मावशी कित्येक वर्षं हेच काम करत होत्या. त्या म्हणाल्या, “ताई, हे अजून पानच आहे. शेंडा याच्या आत.” आणखी तीन पदर काढले. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तो: दुधी, ओला, चकाकणारा इवलासा घुमट. टाचणीच्या डोक्याएवढाही नाही. त्याला बिलगून पुढच्या पानाची कोवळी कड नुकती वर येत होती.

या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच, की व्याख्या बाजूला ठेवून आधी हा घुमट स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

तो पाहून झाला, की सोललेलं सोपट फेकू नका. ब्लेडने त्याचा आडवा काप घ्या. साध्या डोळ्यांनाही आत चौकोनी हवेच्या खोल्या दिसतात. एवढा मोठा खांब हलका असतो तो त्यांच्यामुळे. पातळ काप सॅफ्रानिन या लाल रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की काही ठिपके लालभडक उठतात. त्या जाड भिंतींच्या दृढऊती. फुलवाले गजरा बांधायला सोपटाचा दोरा वापरतात, त्याची ताकद तिथली. आणि काप घेताना बोटांना लागलेला, कपड्यावर पडला तर कायमचा डाग ठेवणारा चीक? तो साठवायला वेगळ्याच पेशी असतात. जलवाहिनीच्या पेशींचं तर मला आजही नवल वाटतं. त्या भिंती जाड करतात, मग आतलं सगळं विरघळवून मरतात, आणि मेल्यावरच पाणी वाहून नेणारी नळी म्हणून कामाला येतात.

हे सगळं त्या एका घुमटातून आलं. ग्रँड नैन या केळीच्या जातीच्या झाडातल्या साध्या पेशींमध्ये तीच ३३ गुणसूत्रं असतात, मग ती पेशी मुळातली असो की पानातली. फरक पडतो तो त्यातली कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद यामुळे. ते ठरतं पेशी कुठे आहे आणि तिच्यापर्यंत कोणते निरोप पोचतात यावर. घुमटाच्या सगळ्यात बाहेरच्या थरातल्या पेशी आडव्या पसरत विभागतात आणि त्यांची बाह्यत्वचा होते. आतल्यांना वेगळी जागा, म्हणून वेगळं काम.

‘निरोप’ म्हणजे काय, ते मला एका चुकीने शिकवलं. मीडिया, म्हणजे कोंब ज्यावर वाढतात ते पोषक मिश्रण, बनवायच्या खोलीत माझा दुसरा महिना होता. वीस लिटर मल्टिप्लिकेशन मीडिया (कोंबांची संख्या वाढवायचा) करताना मी बीएपी या सायटोकायनिन संप्रेरकाच्या स्टॉकऐवजी (आधीच करून ठेवलेल्या दाट द्रावणाऐवजी) शेजारची आयबीए या ऑक्सिन संप्रेरकाची बाटली उचलली. पीएच ५.८ बरोबर, साखर बरोबर, ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंशांवर बरोबर. त्या मीडियाच्या सहाशेवर बाटल्या भरल्या गेल्या, फ्लोवर, म्हणजे गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक टेबलावर काम करणाऱ्या बायकांनी त्यांत कोंब लावले. दोन आठवड्यांनी ग्रोथ रूममध्ये गेले, तर एकाही बाटलीत कोंबांचा पुंजका नाही. प्रत्येक कोंबाच्या बुडाशी आखूड, जाड, पांढरीशुभ्र मुळं.

मला रडू आलं. सुपरवायझर सरांनी चांगली बाटली आणि माझी बाटली शेजारी ठेवली आणि विचारलं, “यात वेगळं काय आहे?” कोंब एकाच मुनव्याचे, उजेड तोच, तापमान तेच. वेगळं होतं ते फक्त संप्रेरक. स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या गाभ्यातल्या पेशींवर हेच दाखवलं होतं: ऑक्सिन जास्त आणि सायटोकायनिन कमी असेल तर मुळं फुटतात, उलट असेल तर कोंब, आणि दोन्ही बेताचे असतील तर नुसता पेशींचा गोळा वाढत राहतो. परीक्षेत मी हे लिहिलं होतं, गुणही मिळाले होते. समजलं त्या दिवशी. त्यातले काही कोंब मी परत बीएपीवर ठेवले. त्यांच्या बगलेतून नवे कोंब आले, कारण शेंडा शाबूत होता. पण एकदा मूळ झालेलं ते मूळच राहिलं.

म्हणून कॉलेजात असतानाच दोन गोष्टी हाताखालून घाला. एक, हाताने पातळ काप घेणं. पपईच्या देठावर, बटाट्यावर, मिळेल त्यावर रोज. दुसरी, स्टॉक सोल्युशनची गणितं. मिलिग्रॅम प्रति लिटरचं गणित कागदाशिवाय जमलं पाहिजे, आणि बाटलीवरचं लेबल उचलताना, ओतताना आणि ठेवताना असं तीनदा वाचायची सवय लागली पाहिजे. मास्क, स्पिरिट, ज्योत, फ्लोवर न बोलणं हे लॅबमध्ये आठ-पंधरा दिवसांत अंगवळणी पडतं. नोकरी मागायला जाताना स्वतः काढलेल्या कापांची वही सोबत न्या. मी पुढे उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा प्रमाणपत्रांआधी ती वही मागत असे.

हार्डनिंगला, म्हणजे बाटलीतल्या रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावण्याच्या कामाला, मात्र एक तरी हंगाम काढा, ते काम हलकं समजू नका. बाटलीतल्या दमट हवेत तयार झालेल्या पानावर मेणाचा थर पातळ असतो आणि त्याची पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. असं रोप सरळ बाहेर काढलं तर बघता बघता मान टाकतं. पॉलीहाऊसमध्ये दमटपणा हळूहळू कमी करत नेला, की बाटलीतली जुनी पानं सुकून जातात, पण नंतर येणारं पान शेताच्या हवेला साजेसं येतं. जुन्या पानातल्या पेशी बदलत नाहीत. शेंडा नव्या हवेत नवं पान घडवतो. रोप तगलं की नाही हे बघताना म्हणूनच खालची पानं मोजायची नाहीत, मधली सुरळी उलगडते का ते बघायचं.

बाटलीतून बाटलीत किती वेळा न्यायचं यालाही मर्यादा आहे. आपल्याकडे केळीसाठी साधारण आठ फेऱ्या धरतात. त्यापुढे गेलं तर बुटकी, वेडीवाकडी झाडं निघायची शक्यता वाढते, आणि ते शेतकऱ्याला कळतं तोवर त्याचे कित्येक महिने गेलेले असतात. कितीही मागणी असली तरी ही मर्यादा ओलांडायला नाही म्हणा.

रावेर-यावलकडे कुणाच्या शेतात घड कापून झालेली झाडं असतील, तर परवानगी काढून एक खांब उभा चिरून बघा. शेंडा जमिनीलगत, कंदापाशी असतो. तीसेक पानं काढून झाली की तोच घुमट पानं करणं थांबवतो आणि फूल घडवू लागतो. त्याचा दांडा खांबाच्या मधोमध वर चढत जातो आणि माथ्यावर केळफूल बाहेर पडतं. चिरलेल्या खांबात तो दांडा बुडापासून टोकापर्यंत सरळ दिसतो. बुडाशी जिथे घुमट होता, तिथे आता नुसता दांडा असतो, आणि शेजारी कंदाला फुटलेले दोन-तीन मुनवे.