एकाच रविवारी सगळी झाडं छाटू नका: ओपन स्पेसवरच्या बागेत आम्ही केलेल्या चुका

धुळ्यात आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर आंबा, बोर, पेरू, लिंबू आणि दोन सीताफळं आहेत. दिवाळीनंतरच्या एका रविवारी श्रमदान काढलं आणि सगळ्यांची सरसकट हजामत केली. आप्पा फिरायला आले, बघतच राहिले. "भो, झाडले काय टक्कल करी टाकं?" त्या वर्षी आंब्याला मोहोर नावालाही आला नाही, आणि बोराची हिरवी फळं फांद्यांसकट कचऱ्यात गेली.

चूक कात्रीची नव्हती, तारखेची होती. आंब्याचा मोहोर येतो तो पावसाळ्यात फुटून पक्व झालेल्या काड्यांच्या शेंड्यांवर. दिवाळीत शेंडे उडवले की मोहोर गेला. म्हणून आंब्याला हात लावायचा तो फळं उतरल्यावर लगेच, जून-जुलैत, आणि तोही हलका. बोराचं उलटं. त्याला फळ धरतं नव्या फुटीवर, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पानं गळून झाड विश्रांतीत असताना ते चांगलं जोरात छाटायचं. इथे दया दाखवणं हीच चूक. मेहरूणच्या बोरांची चव माहीत असलेल्या जळगावकराला हे सांगावं लागत नाही, पण आमच्यासारखे हौशी लोक बोर वर्षानुवर्षं वाढू देतात आणि मग फळ बारीक का, म्हणून विचारतात. पेरूही नव्या फुटीवरच येतो, त्यामुळे तो बराच सोशिक. लिंबाची फक्त वाळलेली काडी, एकमेकांत अडकलेल्या फांद्या आणि पाणसोट (जोमाने सरळ वर जाणाऱ्या, फळ न देणाऱ्या फुटी) काढा, बस्स. सीताफळावर काळी पडून वाळलेली फळं लटकतात ती आधी काढून लांब टाका, रोग-कीड त्यांच्यातच दडून बसते.

दुसरी चूक खास आपल्याकडची. मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो आणि आपण उन्हाळ्याच्या तोंडावर लिंबाचं छत्र विरळ करतो. उघडी पडलेली साल पश्चिमेच्या बाजूने भाजते, तडकते. असं झालंच असेल तर खोडाला आणि जाड फांद्यांना चुना लावा. बोर हे ऊन सोसतं, लिंबू नाही.

आता काप कसा घ्यायचा ते. जाड फांदी वरून एका दमात कापली की ती वजनाने खाली येते आणि खोडाची साल सोलून नेते. आधी खोडापासून वीतभर अंतरावर खालून थोडी करवत चालवा, मग त्याच्या जरा पुढे वरून कापून फांदी पाडा. उरलेला खुंट बुडाशी असलेल्या फुगीर कडेला धरून काढा. ती कड मात्र कापू नका, जखम तिच्यामुळेच भरते. पारंबीसारखा लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. कोयत्याने तोडणाऱ्यांना बागेत येऊ देऊ नये असं माझं मत आहे. सिकेटर (छाटणीची कात्री) आणि करवत पुरते. रोगट फांदी कापल्यावर पातं स्पिरिटने पुसा, मगच पुढच्या झाडाकडे वळा.

जाड कापांना बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावतात. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र. आमच्या एका उत्साही सभासदाने लोखंडी बादली घेतली. मोरचुदाचं तांबं बादलीला चिकटतं आणि पेस्टमध्ये दम राहत नाही. प्लास्टिकची बादली घ्या. पेस्टमध्ये स्वच्छ विळा बुडवून बघा, तांबूस थर बसला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी संपवा.

जोरात छाटलेल्या फांदीवर पुढे सरळसोट फुटींचा झुपका येतो. घाबरून सगळ्या कापल्या तर पुन्हा तेवढ्याच येतात. बाहेरच्या दिशेला झुकलेल्या दोन-तीन ठेवा, बाकीच्या कोवळ्या असतानाच बोटाने मोडा. कलमाच्या सांध्याखालून आलेली फूट मात्र एकही ठेवू नका. आमच्या आंब्याची ती दोन वर्षं कौतुकाने वाढवली. आता सांध्यावरचं कलम खुरटलंय आणि ज्यावर ते बांधलं तो खालचा गावठी खुंट जोमात आहे.