शर्यतीतल्या कुत्र्याला घर कसं मिळवून द्यावं

मकावचा ‘कॅनिड्रोम’ हा कुत्र्यांच्या शर्यतींचा ट्रॅक जुलै २०१८ मध्ये बंद पडला आणि पाचशेच्या वर ग्रेहाउंड एका फटक्यात बेकार झाले. त्यांना घरं मिळवून दिली ती स्वयंसेवकांनी. त्याच वर्षी फ्लोरिडाच्या मतदारांनी शर्यतींविरुद्ध कौल दिला आणि २०२० अखेर तिथलेही ट्रॅक थांबले. पुण्यात असला ट्रॅक नाही. पण आपल्याकडे गावोगावच्या यात्रांत श्वानशर्यती होतात, शेतात सशामागे कुत्री सोडणारे शौकीनही आहेत. पाय दुखावला, वेग उतरला की त्यातलं एखादं कारवानी, पश्मी (हे आपल्याकडचे हाउंड, म्हणजे सडपातळ, वेगवान शिकारी कुत्रे) किंवा ग्रेहाउंडच्या रक्ताचं कुत्रं हायवेच्या ढाब्यापाशी पत्र्याखाली बसलेलं सापडतं.

माझ्याकडे आलेली पहिली अशीच, हरणी. चौथ्या दिवशी मी तिला घर मिळवून दिलं आणि नवव्या दिवशी ती परत आली. त्या घरात मांजर होतं आणि माझ्या जाहिरातीत लिहिलं होतं, ‘सर्वांशी प्रेमळ’. मांजरीला काही झालं नाही, ते माझं नशीब. तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला: आधी कुत्रा नीट ओळखायचा, घर नंतर.

त्यासाठी त्याला निदान तीन आठवडे फॉस्टर घरी, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या घरी ठेवा. तुम्हाला जागा नसेल तर ज्याच्याकडे ठेवाल तिथे रोज एक फेरी मारा. ही कुत्री पिंजऱ्यात किंवा गोठ्याच्या कडेला, बरोबरीच्या कुत्र्यांमध्ये वाढलेली असतात. जिना, गुळगुळीत फरशी, काचेचं दार, मिक्सरचा आवाज, सगळंच नवं. बाल्कनीच्या सरकत्या काचेवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला कागदाच्या पट्ट्या चिकटवा, नाहीतर ते सरळ काचेवर आपटेल.

जिन्याला वेळ लागतो. सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. हरणी पहिल्या पायरीपाशी चारी पाय रोवून उभी राहिली. पंचवीस किलो कुत्रं रोज तीन वेळा उचलणं काही माझ्याच्यानं होईना. मग शेवटच्या दोन पायऱ्यांपासून सुरुवात केली: एक पुढचा पाय उचलून वर ठेवायचा, मग दुसरा, मागून मांड्यांना हाताचा आधार, वर पोचली की उकडलेल्या चिकनचा तुकडा. दुसऱ्या दिवशी चार पायऱ्या. खालच्या मजल्यावरचे काका रोज दार उघडून बघायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, “ताई, हे कुत्रं आहे की हरीण, ते एकदाचं ठरवा.” सातव्या दिवशी ती एकटी वर आली. उतरायला मात्र आणखी आठवडा गेला.

मांजराची परीक्षा घरच्या घरी घेऊ नका, जाणता माणूस बरोबर हवा. कुत्र्याला मुसकं आणि दोरी, मांजर बंद पिंजऱ्यात, मध्ये आठ-दहा फूट अंतर. बघायची ती नजर. वास घेऊन, हाक मारल्यावर मान वळवली तर आशा आहे. अंग ताठ, कान उभे, डोळे खिळलेले आणि तोंडापुढचा खाऊही दिसत नसेल तर जाहिरातीत स्वच्छ लिहा: मांजर असलेल्या घरी देणार नाही. झोपेत हात लावला तर यातली काही कुत्री दचकून गुरगुरतात, कारण झोपेत त्यांना कधी कुणी हात लावलेलाच नसतो. घरात लहान मूल असेल तर हे आधी सांगायलाच हवं.

डॉक्टरांकडे जाताना एक गोष्ट तोंडपाठ ठेवा. ग्रेहाउंडच्या अंगात चरबी फार कमी असते आणि भुलीची काही औषधं, विशेषतः थायोपेंटोनसारखी, त्यांच्या शरीरातून हळू उतरतात. नसबंदीच्या आधी ‘हा हाउंड आहे’ हे स्वतः सांगा, फाइलवर लिहून घ्या. रक्ताच्या रिपोर्टचंही तसंच. ग्रेहाउंडचे प्लेटलेट्स मुळातच इतर कुत्र्यांपेक्षा कमी असतात आणि तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त. आपल्याकडे गोचीडताप इतका, की प्लेटलेट्स कमी दिसले की पहिला संशय त्याचाच. नुसत्या आकड्यावर औषध सुरू करण्याआधी गोचीडतापाची तपासणी करून घ्यावी, एवढं डॉक्टरांना विचारायला लाजू नका. दातही बघून घ्या, हाउंडांचे बहुधा खराब निघतात. रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र जपून ठेवा, नव्या मालकाला महापालिकेच्या परवान्यासाठी ते लागतं.

आणि बरगड्या. दोन-तीन बरगड्या दिसणं हे हाउंडचं तब्येतीत असणं आहे. रस्त्यावर निदान पाच जण तुम्हाला ‘खायला घालत नाही का?’ विचारतील. पुण्यात त्याला इलाज नाही.

आता जाहिरात. ‘गोंडस’, ‘मायाळू’, ‘शांत’ हे शब्द वापरू नका, सगळ्याच जाहिरातींत ते असतात. हरणीची दुसरी जाहिरात अशी होती: ‘चार वर्षांची कारवानी कुत्री. नसबंदी, लसी झाल्या. दिवसाचे सोळा-सतरा तास झोपते. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास चालणं पुरतं. मांजर नको. एकटी ठेवली तर पहिला तास रडते. लिफ्टला घाबरते, जिना येतो.’ पहिल्या जाहिरातीला चाळीस फोन आले होते, हिला सहा. त्या सहांपैकी चार खरोखर बोलण्याजोगे होते.

फॉर्म भरून घ्या, पण भरवसा फोनवर ठेवा. घर किती तास बंद असतं? भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती आहे का? उद्या बंगळुरूला बदली झाली तर? दिवाळीत गावी गेलात तर कुत्रं कुठे? या शेवटच्या प्रश्नाला जो लगेच उत्तर देतो, त्यानं विचार केलेला असतो. जो आधी विचारतो ‘नसबंदी केली नाही ना?’ किंवा ‘अजून पळते का?’, त्याला नम्रपणे नाही म्हणा. पिल्लं काढायची असतात नाहीतर ससे मारायचे. सशाची शिकार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, हेही सांगून टाकावं.

सोसायटीची भीती बरेच जण घालतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकानुसार सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. त्याची प्रत बरोबर न्या, पण चेअरमनच्या तोंडावर आपटू नका. आधी चहा, मग कागद.

घर बघायला जाताना कुत्र्याला घेऊनच जा. बाल्कनीचा कठडा, कंपाउंडची भिंत, वॉचमन फाटक उघडं टाकतो का, हे बघा. चार-पाच फुटी भिंत हाउंड सहज ओलांडतो.

देताना पट्टा मार्टिंगेलचाच द्या. हाउंडची मान डोक्यापेक्षा जाड असते, साधा पट्टा मागे ओढताच कानांवरून निसटतो. मार्टिंगेल ओढला की आवळतो, सोडला की सैल होतो. त्यानं झोपायला वापरलेली चादर न धुता द्या. एप्रिल-मे मध्ये फिरणं सकाळी सातच्या आत, आणि डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवून बघायची, हे नव्या घरी करून दाखवा. जानेवारीच्या थंडीला स्वेटर लागतो, हौस म्हणून नव्हे. विसर्जनाच्या रात्री आणि दिवाळीत दार-खिडक्या बंद, आणि घरात कुणीतरी माणूस. तळजाई, वेताळ टेकडीवर दोरी कधीच सोडायची नाही. तिथे मोर आहेत.

तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात फोन करा. ‘नाही जमलं तर कुत्रं माझ्याकडेच परत येईल’ हे कागदावर लिहून सही घ्या. परत आलं तर नव्या घराला दोष देत बसू नका. काय बिनसलं ते विचारून वहीत लिहून ठेवा, पुढच्या जाहिरातीत ते लागेल.

गळ्यातल्या बिल्ल्यावर पहिले तीन महिने तुमचाही नंबर असू द्या. हाउंड सुटला तर मागे धावायचं नाही. ग्रेहाउंड ताशी पासष्ट किलोमीटरच्या पुढे जातो, तुम्ही धावलात की त्याला वाटतं शर्यत लागली. हरणी दुसऱ्या महिन्यात पाषाण तलावाच्या बाजूला सुटली, तेव्हा नव्या घरातल्या काकू धावून धावून रडकुंडीला आल्या होत्या. मी पोचले, दोघी मातीत पाठमोऱ्या बसलो आणि पार्ले-जीच्या पुड्याचा कागद चुरगाळत राहिलो. दहा-बारा मिनिटांनी मानेवर गार नाक लागलं. पट्टा हळूच, खालून धरायचा.