चांगथांगच्या कळपात मादी गाभडली तर

लडाखच्या चांगथांग पठारावर, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, चांगपा पशुपालक याक, मेंढ्या आणि पश्मिना देणाऱ्या शेळ्या राखतात. तेथे कामासाठी जाणाऱ्या पशुवैद्यकांनी आणि स्वयंसेवकांनी ब्रुसेलोसिस, म्हणजेच सांसर्गिक गर्भपात, हा जनावरांकडून माणसालाही होणारा जिवाणूजन्य आजार आधी समजून घ्यावा, कारण थंडीत रोगजंतू मरतात हा समज येथे घातक ठरतो. कडक उन्हात हे जिवाणू काही तासांत नष्ट होतात. परंतु पडलेला गर्भ किंवा वार (गर्भाला जोडलेले, विताना बाहेर पडणारे आवरण) थंड, ओलसर सावलीत राहिली, तर तिच्यात ते महिनोन् महिने तग धरतात.

गाभणकाळाच्या शेवटच्या टप्प्यात मादी गाभडली, म्हणजे तिचा गर्भपात झाला, आणि वार अडकली, तर उपासमार किंवा थंडी हेच कारण गृहीत न धरता, तपासणी होईपर्यंत ब्रुसेलोसिसचा संशय कायम ठेवावा. तिला वेगळे बांधावे. उघड्या हातांनी वार ओढू नये. लांब हातमोजे आणि मास्क वापरावा. गर्भ, वार आणि त्याखालची भिजलेली माती चुना टाकून खोल पुरावी आणि वर दगड रचावेत, नाहीतर कुत्री ते सारे उकरून तळभर पसरवतात. विण्याच्या हंगामाच्या सुरुवातीला जमीन गोठलेली असू शकते, म्हणून खड्डा थंडी पडण्यापूर्वीच खणून ठेवावा; माझा सर्वाधिक आग्रह याच गोष्टीचा आहे.

तपासणीसाठी घेतलेला रक्ताचा नमुना रात्री तंबूत तसाच ठेवल्यास गोठतो, तांबड्या पेशी फुटतात आणि रक्तजल (रक्त साकळल्यावर वर उरणारा द्रव) निरुपयोगी होते. त्यामुळे घट्ट बंद केलेली नळी पिशवीत गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात बाळगावी. ब्रुसेलोसिस ओळखण्याच्या ‘रोज बेंगाल’ नावाच्या चाचणीत रक्तजलाचा थेंब आणि गुलाबी प्रतिजनाचा (याच जिवाणूंपासून केलेल्या रंगीत द्रावाचा) थेंब पांढऱ्या फरशीवर मिसळून चार मिनिटे हलवतात. मिश्रणात बारीक कण दिसू लागले, तर चाचणी सकारात्मक मानतात. गाभडल्यानंतर लगेच घेतलेला नमुना फसवू शकतो, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

खरा धोका पुढच्या वर्षी असतो. एकदा गाभडलेली मादी पुढच्या वेळी बहुधा नीट विते, निरोगी दिसते, पण तिच्या दुधातून आणि स्रावांतून जिवाणू बाहेर पडतच राहतात. म्हणून तिच्या कानात बिल्ला मारून नोंद ठेवावी आणि ती दुसऱ्या कळपाला विकू देऊ नये. सामायिक कुरणावर तिला कायम वेगळे ठेवणे अवघड असते. निदान विण्याच्या काळात तरी वेगळी जागा द्यावी. नव्याने आणलेले जनावरही महिनाभर वेगळे ठेवून दोनदा तपासावे.

या उंचीवर पाणी सुमारे ८५ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून उकळूनही उपयोग नाही असे काहींना वाटते. ते बरोबर नाही: दूध ७२ अंशांवर १५ सेकंद राहिले तरी हे जिवाणू मरतात, तेव्हा उकळी आलेले दूध पुरेसे सुरक्षित असते. कच्च्या दुधाचे लोणी मात्र टाळावे.

राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात २०१९ पासून गाई-म्हशींच्या ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना एकदाच लस दिली जाते. याकबाबत स्थानिक पशुसंवर्धन विभागाला विचारावे. ही लस जिवंत जिवाणूंची असल्याने सुई स्वतःला टोचली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पशुपालकाला वारंवार ताप, रात्री घाम आणि सांधेदुखी होत असेल, तर त्याच्यासोबत दवाखान्यात जाऊन कळपात मादी गाभडल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.