नागपूरच्या हवेसाठी कॅरव्हॅनची ऑनिंग: निवड, उभारणी आणि निगा

कॅरव्हॅनसाठी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या फिरत्या गाडीसाठी, ऑनिंग (गाडीच्या बाजूला जोडायचे कापडी छत) घेऊ पाहणारे बहुतेक जण आधी परदेशी कंपन्यांची माहितीपत्रके चाळतात आणि चारी बाजूंनी बंद, खिडक्या असलेली, गाडीला जोडून एक जादा खोलीच मिळवून देणारी ऑनिंग पाहून तिच्या प्रेमात पडतात. ती ऑनिंग युरोपातील थंडी, दमट वारे आणि भुरभुर पाऊस डोळ्यांसमोर ठेवून बेतलेली असते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात असताना त्या बंद कापडी खोलीत दुपारी कोणालाही बसवणार नाही. आपल्याकडे ऑनिंगला दोन कामे करायची असतात: उन्हाळ्यात सावली देणे आणि अवकाळी वादळ उठताच मिनिटांत आवरली जाणे. खरेदीच्या वेळी प्रत्येक नमुना या दोन कसोट्यांवर घासून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कसोट्यांवर सर्वांत चांगली उतरते ती गुंडाळपेटीची ऑनिंग. गाडीच्या बाजूला वर एक लांब पेटी कायमची बसवलेली असते आणि हँडल फिरवले की कापड त्यातून बाहेर येते. तिचे वजन बरेच असते, त्यामुळे ती गाडीच्या नुसत्या पत्र्यावर बसवून चालत नाही. आतील सांगाड्याला पकड मिळाली पाहिजे आणि प्रत्येक बोल्टच्या छिद्रात सीलंट भरले गेले पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात भिंतीत पाणी मुरते. खर्च कमी ठेवायचा असेल, तर गाडीच्या बाजूला वर बसवलेल्या खाचेच्या पट्टीत, म्हणजे रेलमध्ये, सरकवून समोर दोन-तीन खांबांवर ताणायचे साधे छत पुरेसे आहे. मात्र ते काढायला वेळ लागतो. हवा भरून उभी राहणारी ऑनिंग झटपट उभी होते, पण सकाळी गच्च भरलेली नळी दुपारच्या उन्हात आणखी ताणली जाते, म्हणून ऊन वाढण्यापूर्वी थोडी हवा सोडावी आणि कंपनीने सांगितलेला दाब ओलांडू देऊ नये. पूर्ण बंद ऑनिंग डिसेंबर-जानेवारीत एकाच ठिकाणी आठवडाभर मुक्काम करणाऱ्यांनीच घ्यावी. त्या थंडीत ती खरोखर उपयोगी पडते, फक्त रात्री वरची झडप उघडी ठेवावी, नाहीतर पहाटे कापडाच्या आतल्या बाजूने दव गळू लागते.

विदेशातून मागवताना दाराची बाजू तपासावी. भारतात आणि ब्रिटनमध्ये वाहने डावीकडून चालतात, म्हणून कॅरव्हॅनचे दारही सहसा डाव्या बाजूला असते. युरोपच्या मुख्य भूमीवर आणि अमेरिकेत ते उजवीकडे असते. तेथील ऑनिंगमध्ये दाराची जागा, हँडलचे टोक किंवा मोटरची बाजू उलटी येऊ शकते.

माप घेण्यापूर्वी गाडी सपाट जागेवर समतल उभी करावी. गाडीची पूर्ण लांबी व्यापणाऱ्या ऑनिंगसाठी, पुढच्या टोकाला जमिनीपासून सुरू करून रेलवरून फिरत मागच्या टोकाला पुन्हा जमिनीपर्यंत एक न ताणणारी दोरी धरावी आणि नंतर ती दोरी टेपने मोजावी. उत्पादक हेच माप सेंटीमीटरमध्ये देतात. पोर्च (गाडीच्या काही भागापुरती छोटी ऑनिंग) किंवा साध्या छतासाठी रेलची जमिनीपासूनची उंची आणि दार व खिडक्यांमधील मोकळी जागा एवढे पुरते. ऑनिंगच्या कडेला शिवलेल्या दोरीच्या मगजीची जाडी रेलच्या खाचेला जुळते का, हेही विचारून घ्यावे. मगजी जाड असेल तर ती सरकत नाही आणि बारीक असेल तर वाऱ्यात निसटते.

कापडाच्या बाबतीत काटकसर करू नये. धाग्यातच रंग मुरवलेले ॲक्रिलिक कापड ऊन सर्वांत चांगले सोसते आणि त्यातून थोडी हवाही खेळते. लेप दिलेले पॉलिस्टर हलके आणि स्वस्त असते, पण आपल्या उन्हात काही हंगामांत त्याचा लेप सुटू लागतो. पीव्हीसीची ताडपत्री पाणी पूर्ण अडवते, परंतु दुपारी तिच्याखाली उकाडा साठतो. रंग फिका घ्यावा. अगदी पांढऱ्याने डोळे दिपतात, म्हणून वाळूसारखा किंवा राखाडी बरा. शहरातील सिग्नलवर उन्हाळ्यात टांगतात तसली हिरवी जाळी ऑनिंगच्या वर वीतभर अंतर सोडून बांधली, तर दोन थरांमधून गरम हवा निघून जाते आणि खालचे कापड फार तापत नाही. इतक्या कमी खर्चात एवढा आराम देणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही.

आता गाडी कशी उभी करावी हे पाहू. नागपूर साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि मग उत्तरेकडे झुकत पश्चिमेला उतरतो. म्हणून उन्हाळ्यात दाराची बाजू पूर्वेकडे यावी. दार डावीकडे असेल तर गाडीचे तोंड दक्षिणेकडे करावे लागेल. दुपारी दोननंतर गाडीच्या भिंतीचीच सावली ऑनिंगखाली पडू लागते आणि पश्चिम-वायव्येकडून येणारी गरम झळही गाडीच अडवते. हिवाळ्यात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे 45 अंशांवर असतो. तेव्हा दाराची बाजू दक्षिणेकडे केली, तर बाहेरच्या काठाखालून हवेहवेसे ऊन आत येते. जुन्या झाडाच्या फांद्यांखाली किंवा विजेच्या तारांखाली ऑनिंग कधीही उघडू नये.

रेलमध्ये कापड ओवणे हे दोघांचे काम आहे. एकाने स्टुलावर उभे राहून मगजी खाचेच्या तोंडाशी सरळ धरावी, दुसऱ्याने पुढून हळूहळू ओढावे. खाचेत आधी सिलिकॉनचा फवारा मारावा. तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्यावर धूळ बसून खाच अधिकच अडकते. ओढताना कापड अडले, तर जोर न करता अर्धा हात मागे घ्यावे आणि तोंडाशी पडलेली चुणी बोटाने सोडवावी. फाटण्याची सुरुवात बहुधा तिथेच होते.

खुंट्यांची निवड जमिनीवरून ठरते. विदर्भाची काळी माती उन्हाळ्यात वरून कडक आणि आतून भेगाळलेली असते, त्यामुळे भेगेजवळ ठोकलेली खुंटी हाताने उपटून येते. भेग टाळून निदान हातभर तरी दूर ठोकावी. पावसाळ्यात हीच माती लोण्यासारखी होते आणि तेव्हा रुंद पात्याच्या, दीड फूट लांबीच्या खुंट्या लागतात. मुरमाड जमिनीत ऑनिंगसोबत मिळणाऱ्या बारीक खुंट्या वाकतात. तेथे वेल्डरकडून जाड सळईचे तुकडे कापून, टोक घासून आणि वर आकडा वळवून घ्यावेत. खुंटी ऑनिंगच्या उलट दिशेला झुकलेली, दोराशी साधारण काटकोन करणारी असावी.

छताला उतार हवाच. 3 मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद छतावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यावर 75 लिटर, म्हणजे 75 किलो पाणी येते. ते वाहून गेले नाही तर कापडाला पोट सुटते, पाणी तेथेच साठते आणि शेवटी खांब वाकतो. बाहेरच्या दोन खांबांपैकी एक वीतभर खाली घेतला, की पाणी एका कोपऱ्यातून धारेने पडते आणि तिथे बादलीही ठेवता येते.

वाऱ्याचे गणित याहून कठोर आहे: वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. एप्रिल ते जूनदरम्यान दुपारी चारच्या पुढे पश्चिमेला धुळीचा पडदा उठलेला दिसला, किंवा आभाळ काळवंडून हवा अचानक गार झाली, की वादळपट्टा (छतावरून टाकून जमिनीला ताणून बांधायचा पट्टा) आवळण्याच्या भानगडीत न पडता ऑनिंग आवरावी. रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठासारख्या उघड्या जागी वारा पाण्यावरून विनाअडथळा येतो, तेथे तर अधिकच घाई करावी. विजा चमकत असतील तेव्हा धातूच्या खांबांजवळ थांबू नये. रात्री झोपताना आणि गाडी सोडून जाताना गुंडाळपेटीची ऑनिंग गुंडाळलेली असावी. रामटेकला किंवा पेंचच्या वाटेवर याला आणखी एक कारण आहे: वानरांचे टोळके ताणलेल्या कापडावर उड्या मारते आणि शिवण उसवते.

आपल्याकडे सहलीला गेल्यावर रोडगे आणि वांग्याची भाजी होणारच. गोवऱ्यांची आर ऑनिंगपासून चांगली दूर, वारा जिकडे वाहत असेल त्या बाजूला लावावी, म्हणजे ठिणग्या कापडाकडे येणार नाहीत. पडदे लावलेल्या ऑनिंगमध्ये कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. ही गोष्ट घरातल्या लहानमोठ्या सर्वांना सांगून ठेवावी.

परतल्यावर कापडावरची धूळ आधी मऊ ब्रशने कोरडीच झटकावी, मग साध्या पाण्याने धुवावे. कपड्यांच्या साबणाने पाणी अडवणारा लेप निघून जातो. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक त्याच दिवशी भिजवून काढावा. पावसात ओली गुंडाळावी लागली, तर घरी पोहोचताच गच्चीवर किंवा पोर्चमध्ये पसरून मगजी व शिवणीसह पूर्ण वाळवावी. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दोन-तीन दिवसांतच बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते नंतर जात नाहीत. सुटी ऑनिंग प्रवासात चाकांच्या आसावर, खाली ठेवावी, आणि वर्षभराने कापडाच्या चेनवर (झिपवर) मेणबत्ती घासून शिवणीवर सीलंटचा एक हात द्यावा.